पगार महिन्याला मिळेल

आमच्या कारखान्यात पगार महिन्याला मिळतो. आम्हाला मिळत नाही.

नेमणूकपत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे, ‘पगार महिन्याला दिला जाईल.’ नवीन माणसं ही ओळ वाचून खुशीत सही करतात आणि प्रतिपदेला माझ्या खिडकीसमोर हात पसरून उभी राहतात. मग त्यांना समजवावं लागतं, की बाबांनो, पगार महिन्याला आहे, तो आत्ताच येऊन घेऊन गेला. काही जण वाद घालतात. त्यांना मी नेमणूकपत्र पुन्हा वाचायला देतो.

मी श्रीधर नेर्लेकर. तांबेवाडीच्या मुजुमदार फूटपट्टी कारखान्यात पगाराच्या खिडकीवर बसतो. आमच्या पट्ट्या सागवानी असतात आणि त्यावरचा इंच हा इंचच असतो. कारखान्याचा कारभार मात्र मराठी महिन्यांवर चालतो, कारण मोठ्या मालकांचा इंग्रजी महिन्यांवर विश्वास नव्हता. फेब्रुवारीला ते लबाड म्हणत.

मुळात पगार वर्षाला होता. गुढीपाडव्याला वर्ष स्वतः यायचं, सगळी रक्कम एकदम उचलायचं आणि निघून जायचं. एखादं साल चांगलं निघायचं, घराघरात धान्य भरून ठेवायचं. एखादं साल इतकं वाईट निघायचं, की आषाढाच्या आतच खिसे झटकून दाखवायचं. शेवटी कामगारांनी मागणी केली, की वर्षाच्या पगाराचे बारा सारखे तुकडे करा. आमच्याकडे मोजून कापण्याची सोय होतीच. मुख्य मिस्त्रींनी पगार आडवा ठेवला, खुणा केल्या आणि कापला. प्रत्येक कापाला करवतीत थोडा भुसा जातो, त्याला इलाज नाही. आजही बारा पगारांची बेरीज वर्षाच्या पगारापेक्षा जराशी कमी भरते, ती त्यामुळे.

तेव्हापासून महिने येतात. चैत्र हात धुऊन पैसे घेतो आणि आमच्या घरी कैरीची डाळ नि पन्हं करवतो. भाद्रपद आधी मोदकांवर उधळतो, मग उरलेलं पितरांना वाढतो, आणि दोन्हीकडे स्वतः जेवतो. आश्विन दर वर्षी कार्तिकाच्या पगारातून उचल मागतो आणि कार्तिक दर वर्षी माझ्याशी भांडतो. पौष चिक्कू आहे. तीळ घेतो, थोडा गूळ घेतो, बाकी खिशात घालून गप्प बसतो. फाल्गुनाची सही मला आजवर वाचता आलेली नाही, कागदावर नुसता रंग असतो. इतर कारखान्यांत पगार माणसांना देतात असं ऐकतो. तिकडेही तो शेवटी महिनाच खाऊन टाकतो, फक्त त्याची सही घेत नाहीत.

या सगळ्यात एकच अडचण होती. दर तीनेक वर्षांनी तेरावा यायचा.

अधिक महिना. तुकडे बारा, म्हणून त्याला काही नसायचं. तो यायचा, खिडकी बंद बघायचा, बाहेरच्या बाकावर बसायचा. त्या महिन्यात आम्ही आधीच्याने मागे ठेवलेल्यावर दिवस काढायचो. अधिकात दानधर्म करावा म्हणतात. आम्ही घेणाऱ्यांच्या बाजूला असायचो.

आजवर हे चालवून घेतलं. पण यंदा अधिक ज्येष्ठ आला आणि माझी झोप उडाली, कारण माघात माझ्या एकुलत्या एका मुलीचं, मृणालचं, लग्न झालं होतं. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना म्हणजे जावयाचा. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवायला घालायचं, तेहेतीस अनारशांचं वाण ताटात मांडून त्यावर निरांजन ठेवून द्यायचं. म्हणजे ज्या महिन्यात घरात दमडी येत नाही, त्याच महिन्यात जावयाचा मान करायचा. ही व्यवस्था ज्या कुणी लावली असेल त्याला मुलगी नसणार.

कराडहून विहीणबाईंचा, कुसुमताई पाटणकरांचा, फोन आला.

“आमची काही अपेक्षा नाही हं नेर्लेकर,” त्या म्हणाल्या.

“तो तुमचा मोठेपणा,” मी म्हणालो.

“आमच्या थोरल्या सुनेच्या माहेरून चांदीचं ताट आलं होतं. वर निरांजन. तेही चांदीचंच. पण ते त्यांच्या हौसेनं. मी आपलं सहज तुमच्या कानावर घातलं.”

फोन ठेवला तेव्हा माझी बायको शालन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“मला चांदीचं काही नाही,” ती म्हणाली. “पण पोरगी नवीन आहे तिथं. या एका जेवणावरनं तिला जन्मभर ऐकून घ्यायला लागेल. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताटच निघेल.”

तिचं बरोबर होतं. मृणाल उलटून बोलणारी नाही. मुकाट ऐकून घेईल आणि आम्हाला ‘सगळं छान आहे’ म्हणून सांगेल, हे मला दिसत होतं आणि ते मला सहन होत नव्हतं.

प्रतिपदेला अधिक खिडकीशी आला. उंच, सडपातळ गृहस्थ. सदरा जुना पण इस्त्रीचा, खांद्याला कापडी पिशवी. एरवी मी त्याला बघून झडप लावून घ्यायचो. यंदा उठून दार उघडलं.

“या धोंडोपंत,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. “पुरुषोत्तम म्हणा. पुरुषोत्तम मास असं माझं पूर्ण नाव आहे. धोंडा काय, मलमास काय, कुणी काहीही म्हणतं.”

“बसा पुरुषोत्तमराव. पाणी घ्या.”

तो बसला, पण पाण्याला हात लावला नाही. “माझा पगार?”

“नाही.”

“तो नसतो हे मला माहीत आहे. का नसतो ते विचारायला आलोय.”

“वर्षाचे तुकडे बारा असतात.”

“आणि मी काय वर्षाच्या बाहेर असतो?”

“आत असता. पण नेहमी नसता.”

“बदली कामगारसुद्धा नेहमी नसतो. त्याला पगार देताच ना?”

“नाही देत,” मी म्हणालो. “कुणालाच देत नाही. महिन्याला देतो.”

“मग मी कोण आहे?”

प्रश्न रास्त होता. शिवाय त्याला पगार मिळावा हे माझ्याच हिताचं होतं. महिन्याला मिळाला तर तो आमच्या घरात खर्च करणार आणि माझ्या जावयाचं ताट भरणार. मी त्याला घेऊन सरळ मालकांच्या खोलीत गेलो.

आमचे हल्लीचे मालक त्र्यंबकराव हे मोठ्या मालकांचे चिरंजीव. लग्न केलेलं नाही, खाणावळीचा डबा खातात. कोटाच्या खिशात सहा इंची पट्टी असते आणि बोलताना ती हातात घेतात. कोपऱ्यात टाइपरायटरवर हेमलताबाई बसतात. मालक खोलीत जे बोलतील ते त्या आदेश म्हणून टाइप करतात, कारण आदेश कुठला आणि बोलणं कुठलं हे ठरवणं आपलं काम नाही असं त्या मानतात.

मी सगळा विषय मांडला. त्र्यंबकरावांनी पट्टी काढली.

“नेर्लेकर, फुटात इंच किती?”

“बारा.”

“तेरावा इंच पाहिलाय कधी?”

“नाही साहेब. पण आपल्याच पट्टीवर तीस सेंटिमीटरही असतात.”

“ती मागची बाजू झाली,” ते म्हणाले. “विषय संपला.”

अधिक जागचा हलला नाही. त्याने पिशवीतून घडी घातलेली पगारपावती काढली. बाकावर पडलेली कुणाची तरी मिळाली असावी.

“हे काय लिहिलंय, वाचा,” तो म्हणाला.

त्र्यंबकरावांनी वाचलं. “मूळ पगार अधिक महागाई भत्ता.”

“पुन्हा वाचा.”

“मूळ पगार, अधिक, महागाई भत्ता. मग?”

“माझं नाव आहे.”

“अहो, अधिक म्हणजे बेरीज.”

“बेरजेला बेरीज म्हणतात. इथं अधिक लिहिलंय. मूळ पगार ज्या कुणाचा असेल त्याचा. महागाई भत्ता अधिकाचा. कारखाना निघाल्यापासूनच्या प्रत्येक पावतीवर हेच आहे, आणि मला आजवर एक पैसा मिळालेला नाही.”

“हा शब्दाचा कीस झाला,” त्र्यंबकराव म्हणाले.

“महिन्याला म्हणजे दर महिन्यात, असं तुम्ही वाचलं असतं, तर पगार माणसांना गेला असता,” अधिक शांतपणे म्हणाला. “तिथं तुम्ही शब्दाला धरून चाललात. मग माझ्या वेळीच का सोडता?”

कायद्याने तो बरोबर होता. आणि इतक्या वर्षांचा महागाई भत्ता मी बाकीच्या बारांना वाटून बसलो होतो. त्र्यंबकरावांनाही ते कळलं असावं. चूक कळली की ते संतापतात.

“काम नाही, धाम नाही,” ते टेबलावर पट्टी आपटून म्हणाले, “तीन वर्षांनी एकदा उगवायचं आणि आयतं मागायचं. हा काय कंपनीचा जावई लागून गेलाय?”

कोपऱ्यात टाइपरायटर वाजला आणि थांबला. हेमलताबाईंनी कागद ओढून काढला आणि सहीसाठी पुढे ठेवला. आमच्या टाइपरायटरला प्रश्नचिन्ह नाही. फूटपट्टीच्या धंद्यात ते लागत नाही. आणि ‘काय’सारखे शब्द बाई गाळतात, त्याने आदेश सुटसुटीत होतो असं त्यांचं मत आहे. कागदावर लिहिलं होतं, ‘हा कंपनीचा जावई लागून गेला आहे.’

एक प्रत मालकांना, एक पगारखात्याला, एक फलकावर. फलकावरची प्रत शिपायाने तोवर लावलीही होती. बाहेर करवती थांबल्याचं ऐकू आलं. कामगार वाचत होते.

“बाई, हे मी रागाने बोललो,” त्र्यंबकराव म्हणाले.

“ते कागदावर येत नाही साहेब,” बाई म्हणाल्या.

मालकांनी कागद पुन्हा वाचला. मग अधिकाकडे पाहिलं, जरा निराळ्या नजरेने. “घरचे कोण कोण असतात?”

“बारा भाऊ,” अधिक म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “सगळे कमावते.”

“म्हणजे तुम्ही धरून बारा?” त्र्यंबकरावांनी विचारलं.

“नाही. मी मिळून तेरा. मीच एक कमावता नाही.”

“पण अधिकात लग्न होत नाही,” मी म्हणालो. ही अडचण खरी होती. अधिक महिन्यात मुहूर्त नसतात आणि अधिक तर अधिक महिन्यातच असतो. म्हणून तर बिचारा आजवर बिनलग्नाचा राहिला होता.

हेमलताबाईंनी ओळीवर बोट ठेवलं. “लागणार असं म्हटलेलं नाही. लागून गेलाय. मुहूर्ताचा प्रश्नच येत नाही.”

त्र्यंबकरावांनी सही केली, उठून अधिकाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “कंपनी माझ्या वडिलांनी मुलीसारखी वाढवली. मी तिचा भाऊच म्हणायचा. तिला जपा.” अधिकाने खाली बघत मान डोलावली. दुपारी कामगारांनी दोन-दोन करून येऊन त्याचं अभिनंदन केलं.

मी आपला खुशीत खिडकीवर गेलो आणि पैसे मोजायला घेतले. अधिक मागून आला आणि म्हणाला, “ते राहू द्या.”

“का?”

“जावयाला कुणी पगार देतं का? जावयाचा मान करतात.”

“बरं, मानाचे म्हणून घ्या. पण आमच्या घरी किराणा भरायचाय, दूधवाल्याचे द्यायचेत. ते तुम्हीच करायचं असतं.”

तो मनापासून ओशाळला. “नेर्लेकर, सासुरवाडीत जावयाने पिशवी घेऊन किराणा आणायला जायचं? लोक काय म्हणतील?”

हेही बरोबरच होतं. मी नोटा पुन्हा कपाटात ठेवल्या. सकाळी निदान आशा होती, आता तीही गेली. घरी जाऊन शालनला काय सांगायचं, याचाच विचार करत बसलो होतो. दिवे लागायच्या सुमारास त्र्यंबकरावांनी पुन्हा बोलावलं.

“जावयाचं धोंड्याचं जेवण करायला हवं,” ते म्हणाले. “पहिलाच अधिक आहे. इथं स्वयंपाकघर नाही, आणि मी खाणावळीच्या डब्यातलं मेव्हण्याला वाढणार नाही. पगारखातं तुमचं, तेव्हा जेवण तुमच्याकडे ठेवू. खर्च कंपनीचा. वाणाला चांदीचं ताट आणि निरांजन घ्या, महागाई भत्त्यात बसतं.”

“दोन ताटं बसतील का साहेब? माझाही जावई आहे.”

“कंपनीचा जावई एक,” ते म्हणाले. “ताट एक.”

एक तर एक. मी घरी जवळजवळ पळत गेलो आणि रविवार ठरवला. कराडलाही तोच रविवार कळवला.

शालनने तांदूळ भिजत घातले, तीन दिवस पाणी बदललं, वाळवून कुटले, गूळ घालून पीठ मुरवलं. अधिक रोज संध्याकाळी येऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहायचा. इतकी वर्षं त्याच्या नावाने घरोघरी अनारसे तळले गेले होते, पण करताना त्याने कधी पाहिले नव्हते. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. म्हणजे विरघळून तुपात पसरला. बायका त्याला हसणं म्हणतात. अधिक गंभीर झाला.

“मला बघून हसला का?”

“पीठ सैल झालंय,” शालन म्हणाली. “तुम्ही बाहेर बसा बघू भावजी, नजर नका लावू.”

भावजी म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. जावयाला भावजी म्हणत नाहीत. “बसा जावईबापू,” ती म्हणाली, आणि तो बाहेर जाऊन अगदी ताठ बसला.

रविवारी कराडची मंडळी आली. कुसुमताई, जावई हृषीकेशराव आणि मृणाल. मृणालने मला नमस्कार केला आणि डोळ्यांनीच विचारलं, ताटाचं काय केलंत. मी डोळ्यांनीच सांगितलं, बघू.

आत पाटावर अधिक बसला होता, शेजारी त्र्यंबकराव. कुसुमताई दारातच थांबल्या.

“हे कोण?”

“आमचे थोरले जावई,” शालन म्हणाली. तिने हे आदल्या दिवशीच ठरवलं होतं. “ज्येष्ठ.”

“तुम्हाला तर एकच मुलगी ना?”

“पोटची एक. ही मानलेली. पण आज इतकी वर्षं आमचं घर तिच्यावरच चाललंय.”

“अस्सं. नाव काय?”

“कंपनी.”

कुसुमताईंनी नाव मनात एकदा म्हणून पाहिलं. “आल्या नाहीत त्या?”

“रविवारी तिचं तेलपाणी असतं,” त्र्यंबकराव म्हणाले. “आठवड्यातनं एकदा करावंच लागतं, नाहीतर कुरकुरते.”

“करावंच स्वतःसाठी,” कुसुमताई म्हणाल्या. “नोकरी करतात का?”

“नाही,” मी म्हणालो. “गावातली निम्मी माणसं तिच्याकडे नोकरीला आहेत.”

कुसुमताईंनी पदर सारखा केला आणि मृणालकडे प्रथमच जरा कौतुकाने पाहिलं. इथपर्यंत उत्तम झालं.

जेवणं झाली. धोंडे झाले, आमटी झाली, हृषीकेशरावांनी तिसऱ्यांदा तूप घेतलं. मग शालन वाण घेऊन बाहेर आली. चांदीच्या ताटात तेहेतीस अनारसे, मध्ये चांदीचं निरांजन. समोर दोन पाट, दोन जावई, आणि तिच्या हातात एकच ताट. कुसुमताई ताटाकडे बघत होत्या. हृषीकेशराव सावरून बसले. मृणाल खांबाला धरून उभी होती. शालनने माझ्याकडे पाहिलं, आणि मी छताकडे.

मान थोरल्याचा. खर्च कंपनीचा. ती वाकली आणि ताट अधिकासमोर ठेवलं. कुसुमताईंचे ओठ मिटले.

अधिकाने एक अनारसा उचलला आणि अगदी सावकाश खाल्ला. खसखशीचा दाणा ताटात पडला, तोही बोटाने टिपून घेतला.

“सगळीकडे माझ्या नावाने करतात,” तो म्हणाला. “एक खाऊन बघा, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं.”

शालनने डोळ्याला पदर लावला. मलाही भरून आलं, ते मी लपवत नाही.

मग त्याने ताट उचलून शेजारी सरकवलं. “हृषीकेशराव, आपण साडू. मला एक पुरे झाला. बाकीचं धाकट्याचं.”

“निरांजन?” कुसुमताईंनी विचारलं.

“निरांजन आणि ताटही.”

त्र्यंबकरावांनी हिशेबाने वाटणी करावी म्हणून खिशातली पट्टी अर्धी काढली होती, ती परत आत ठेवली. कुसुमताई म्हणाल्या, “असा थोरला साडू बघितला नाही मी. आमच्याकडे साडू एकमेकांचे जोडे पळवतात.” निघताना त्यांनी मृणालला गाडीत पुढे बसवलं. मृणाल मागे वळून माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसू खरं होतं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

पुढचे दिवस आम्ही उधारीवर काढले, पण आनंदात. अमावास्येला अधिक निघाला. पिशवी खांद्याला लावून तो कारखान्याच्या फाटकाशी आला. मी आणि त्र्यंबकराव निरोप द्यायला उभे होतो. त्याने दोघांना वाकून नमस्कार केला.

“येतो,” तो म्हणाला. “मग पाठवताय ना?”

“कुणाला?” त्र्यंबकरावांनी विचारलं.

“तिला.”

त्र्यंबकरावांनी मागे वळून कारखान्याकडे पाहिलं. शेड, करवती, पट्ट्यांचे गठ्ठे, धुराडं. मग माझ्याकडे पाहिलं.

“घाई नाही,” अधिक अवघडून म्हणाला. “पण मान घेऊन एकटाच घरी गेलो तर भाऊ विचारतील. लोकही बोलतील, की तिच्यात काही खोट आहे म्हणून ठेवून घेतली.”

त्र्यंबकराव मला बाजूला घेऊन गेले. “नेर्लेकर, नाही म्हणता येईल?”

आलं असतं. महिनाच तो, दिवस भरले की जावंच लागतं, थांबून भांडण्याची त्याची सोय नव्हती. मी विचार केला. कंपनी गेली तर खिडकी गेली, पगार गेला, आणि या वयात मला दुसरीकडे कोण घेणार. पण नाही म्हटलं असतं तर आठवड्याच्या आत कराडला कळलं असतं, की नेर्लेकरांनी लग्न झालेली थोरली घरीच ठेवून घेतली. मग कुसुमताई मृणालला काय म्हणाल्या असत्या, ते मला फाटकाशी उभ्या उभ्या ऐकू येत होतं.

“पाठवू साहेब,” मी म्हणालो.

त्र्यंबकरावांनी खिशातून पट्टी काढली, फाटकाच्या खांबाला लावून पाहिली आणि पुन्हा खिशात ठेवली. “वडील असते तर,” एवढंच म्हणाले आणि रुमाल काढला.

शालनला बोलावून घेतलं. तिने फाटकाशी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड आणि हेमलताबाईंनी दिलेली टाइपरायटरची नवी फीत. कामगार डबे हातात धरून कुंपणापाशी रांगेत उभे राहिले. रडायचं का नाही हे त्यांना कळत नव्हतं. मग भोंगा एकदा वाजला आणि रडू सगळ्यांनाच आलं.

ती गेली. शेडच्या जागी चौकोनी पिवळं गवत राहिलं. माझी खिडकी तेवढी उभी राहिली, कारण ती मागाहून बसवलेली होती आणि लग्नात गेलेल्या सामानात धरलेली नव्हती. त्र्यंबकराव गवतावर बराच वेळ फिरले. मी त्यांना घरी घेऊन आलो आणि शालनने त्यांना गरम पिठलं-भात वाढला.

दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. मी सवयीने खिडकीवर जाऊन बसलो. वेळेवर निज ज्येष्ठ आला. तगडा गडी, काखेत छत्री. त्याने हात पुढे केला आणि मग खिडकीच्या मागे कारखाना नाही हे त्याच्या ध्यानात आलं.

“कंपनी कुठाय?”

“सासरी गेली.”

“कुणाकडे दिली?”

“तुमच्याकडेच. तुमच्या थोरल्या भावाला.”

त्याने छत्री खाली ठेवली. “अरे, म्हणजे रात्री जी आली ती आमची वहिनी. अंधारात नीट दिसलं नाही, फार मोठी वाटली.” तो जरा विचारात पडला. “तुम्ही आता काय करणार?”

“आम्ही माहेरची माणसं. आम्ही काय करणार.”

तो जायला वळला, दोन पावलांवर थांबून परत आला. “पहाटेपासून गप्प गप्प आहे ती. आईने चहा विचारला तर नुसती वाफ सोडली. नवीन घर आहे, करमत नसेल. तिला काय आवडतं?”

मुलगी कुठलीही असो, असं कुणी विचारलं की बापाला बरं वाटतं.

“सकाळी लवकर भोंगा वाजवू द्या तिला,” मी म्हणालो. “झोपमोड झाली तरी कुणी काही बोलू नका.”